बिलं चिकटवायला वही दिली नव्हती

मोबाइल पिशवीत टाका. बाकावर उलटा ठेवलेलाही नको. सिंगापूरच्या अभ्यास दौऱ्याचे तुमचे अहवाल वाचून झाले आहेत, तेव्हा आज धडा नाही. आज ऐकायचं.

'सिंगापूर हा अत्यंत स्वच्छ व शिस्तप्रिय देश आहे.' निम्म्या वर्गाच्या वहीत हेच वाक्य, त्याच जागी, त्याच चुकीच्या वेलांटीसकट. चोरी करायचीच तर अक्कल तरी आपली वापरावी. आणि शेवटच्या दिवसाचं पान? 'मुस्तफात खरेदी केली, खूप मजा आली.' एकीने तर दुकानाचं बिलच चिकटवलंय. चॉकलेटं, परफ्युम, टायगर बाम. अगं, टायगर बाम मीरा रोड स्टेशनबाहेर मिळतो! त्यासाठी तुझ्या आईने भिशी आधी उचलली का?

मुस्तफाला आपण संध्याकाळी गेलो. सकाळी कुठे होतो? सांगा. खाली बघू नका, उत्तर फरशीवर लिहिलेलं नाही.

मरीना बॅरेजवर होतो. सगळा दौरा ज्या एका प्रश्नासाठी आखला, त्याचं उत्तर तिथे होतं, म्हणून ती जागा मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवली होती. तुम्ही छतावरच्या हिरवळीवर जाऊन पतंगांचे फोटो काढलेत. खाली तिथला माहिती देणारा माणूस बांधाच्या मॉडेलपाशी उभा राहून जीव तोडून समजावत होता, आणि आपल्या वर्गाचा त्याला एकच प्रश्न, "बस किती वाजता निघणार?" मला तिथे मान वर करवेना.

आता ऐका, तो काय सांगत होता. २००८ साली त्यांनी खाडीच्या तोंडावर हा बांध घातला. त्याला नऊ दरवाजे आहेत. मुसळधार पाऊस आणि समुद्राला ओहोटी असेल, तर दरवाजे उघडून पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर दरवाजे बंद, आणि सात मोठे पंप साठलेलं पाणी उपसून बाहेर टाकतात. समुद्र आत येत नाही, सखल वस्त्या बुडत नाहीत, आणि आतल्या बाजूला शहराला पिण्यासाठी गोड्या पाण्याचा साठा होतो.

राई-मुर्ध्याची मुलं आहेत ना या वर्गात? तुमच्या आजोबांना नुसतं एवढं सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, ही तर उघाडी! खारबांधाला असते तीच. भरतीला मिटते, ओहोटीला उघडते. मिठागरं आणि खाजणातली शेती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांचा नातू तिथे उभा राहून केस सारखे करत होता.

आणि पाणी? सिंगापूर आजही मलेशियाकडून पाणी घेतं. १९६२च्या कराराने जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत घेता येतं, आणि तो करार २०६१ला संपतो. तेव्हा तुम्ही पन्नाशीत असाल. ती माणसं आत्तापासून तयारीत आहेत. पावसाचं पाणी साठवतात, समुद्राचं गोडं करतात, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. 'शी' म्हणालात ना त्यावर? मागच्या बाकावरून आलं होतं, मी ऐकलंय. तुमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो, त्यातलं पाणी कुठल्या विहिरीचं, हे कधी विचारलंत?

आपल्या शहराच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पिण्याचं पाणी मात्र लांबून यायचं, 'स्टेम' या पाणी कंपनीकडून आणि एमआयडीसीकडून. सूर्या धरणाच्या योजनेत आपल्या वाट्याला रोज २१८ दशलक्ष लिटर ठरलं, त्यावर इथे किती निवडणुका लढवल्या गेल्या ते घरी विचारा. जुलैत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्याच वेळी पाऊस कोसळला की नाल्यातलं पाणी खाडीत उतरत नाही आणि तुमच्या इमारतीखालच्या स्कूटर बुडतात. तुम्हाला वाटतं नाला तुंबला. नाला तुंबतोच, प्लास्टिक कोण टाकतं तेही मला माहीत आहे. पण भरतीचं गणित कुणी मांडायचं? इतका खर्च करून तुम्हाला तिकडे नेलं ते हेच मांडायला शिकावं म्हणून. शिस्तप्रियतेवर निबंध मी इथे बसूनही लिहून घेतला असता.

सगळे अहवाल परत घेऊन जा. गुण शून्य. चिठ्ठ्या आणू नका, पालकांना फोन मी स्वतः करणार आहे.

रविवारी सगळ्यांनी जेसल पार्कच्या चौपाटीवर यायचं. एकदा भरतीला, एकदा ओहोटीला. खाडीला मिळणारा एक नाला निवडायचा, दोन्ही वेळेला पाणी कुठवर आहे आणि कुठल्या दिशेने वाहतंय ते मोजून, आकृती काढून आणायचं. वेळा भरतीच्या तक्त्यात बघा, मला विचारू नका. फोटो चालणार नाहीत. ज्याची वही सोमवारी कोरी असेल, त्याने पुढच्या दौऱ्यासाठी नाव द्यायला माझ्याकडे येऊ नये.