सातवा दिवस

बोरिवली-अंधेरीतील आपली कित्येक मुले मिशनरी शाळांत शिकतात. परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्मिली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे बायबलचे कथन त्यांच्या कानी पडते. गोव्यात १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तही निर्मितीकथा मराठी ओव्यांतच आहे.

मूल घरी येऊन विचारते, “अब्बा, अल्लाह थकतो का?” त्याला दटावू नका. सहा दिवस कुरआनलाही मान्य आहेत. मात्र सूरह काफच्या ३८ व्या आयतीनुसार अल्लाहला थकवा शिवलाही नाही. म्हणूनच आपला जुमा सक्तीच्या सुट्टीचा वार नव्हे. नमाज आटोपताच रोजीच्या शोधात निघता येते. पण शिक्षिका खोटे सांगते, असे त्याला म्हणू नका. विसावा म्हणजे थकवा नव्हे, कार्यपूर्ती, असा अर्थ कित्येक ख्रिस्ती विद्वानही लावतात.