पाहुण्याचा हक्क आणि आपले शहर



हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांच्या दारी अनोळखी पाहुणे आले, तेव्हा ते गुपचूप आत गेले आणि भाजलेले वासरू घेऊन आले, असा वृत्तांत दिव्य कुरआनात आहे. काय खाणार, असे आधी विचारून त्यांनी पाहुण्यांना संकोचात टाकले नाही. अन्न आणले तेही दूर न मांडता त्यांच्याजवळ नेऊन ठेवले. पाहुणचार तीन दिवसांचा आणि त्यापुढचे सदका, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. यजमानाला जड होईल इतके राहू नये, हेही पाहुण्याला बजावले आहे.

सुट्यांत आप्तेष्ट येतात आणि हे तीन दिवस बहुधा शहर दाखवण्यात जातात. आम्हा औरंगाबादकरांचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) क्रम ठरलेलाच: बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला, खुलदाबाद आणि रात्री नान-खलिया. यात गैर काही नाही. पृथ्वीवर फिरून आधीच्या लोकांचा शेवट पाहा, असा आदेशच आहे. पण मकबऱ्यात छायाचित्रे काढून परतणारे पुष्कळ. खुलदाबादेत बादशहा औरंगजेब यांच्या कबरीवर उघडी माती आहे, याकडे मुलांचे लक्ष वेधणारे थोडे. या भटकंतीत अस्रची नमाज हमखास निसटते, म्हणून वाहन ठरवतानाच वाटेतली मशीद ठरवून घ्यावी.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझे थोरले चुलतभाऊ सहकुटुंब आले. नऊ वर्षे आमचे येणेजाणे बंद होते. कारण आजोबांचे घर. आजी आधीच वारल्या होत्या. आजोबांच्या मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. सूरह निसाच्या नियमाने मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. म्हणजे पाचातला एक हिस्सा फुफीचा. तो तिला कधीच दिला गेला नाही. घर आमच्या ताब्यात राहिले. भाईजानांनी हा विषय काढला आणि मी बोलणे टाकले होते. नात्याची परतफेड करणारा खरा नाते जोडणारा नव्हे, तोडणाऱ्याशी जो जोडतो तो, अशा आशयाची हदीस आपण जाणतोच. मी वाजसूल असताना ते माझ्या दारी आले होते.

मी पाहुणचारात कसर ठेवली नाही. सकाळी लवकर निघायचे, रात्री थकून परतायचे. आज कबूल करतो, तो विषय निघायला फुरसतच मिळू नये, हा त्यामागचा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाणचक्कीला होतो. उत्तरेकडील डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून इथे येते, त्याच्या जोरावर जाते फिरते आणि एके काळी बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहतील फकीर व प्रवाशांसाठी इथे पीठ दळले जाई, हे मी उत्साहाने सांगत होतो. भाईजानांनी सारे ऐकून घेतले. मग शांतपणे विचारले, "शहर झाले. फुफीकडे कधी न्यायचे?"

फुफी आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात. तीन दिवसांत मी पाहुण्यांना किल्ल्याच्या माथ्यापर्यंत चढवले होते, त्या दोन गल्ल्या मात्र चुकवल्या होत्या. वाचकहो, आपणही आपली यादी तपासावी. कोणते दार आपण वळसा घालून टाळतो?

अस्रची नमाज आम्ही तिथल्याच मशिदीत अदा केली. भाईजान मुसाफिर होते, पण इमाम स्थानिक असल्याने त्यांनीही पूर्ण चार रकअती पढल्या. मग मुलांना घरी सोडून आम्ही दोघे पायी निघालो. फुफी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. भाईजानांना ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर त्यांनी घराविषयी एक शब्दही काढला नाही; जेवलात का, एवढेच विचारले.

त्या वर्षीचा रमजान लागण्यापूर्वी घराची किंमत ठरवून त्यांचा पाचवा हिस्सा त्यांच्या हाती दिला. सत्तावीस वर्षे उशिराने.