चिंतेचे ओझे आणि देहाची अमानत



सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एके दिवशी मस्जिदीत आले, तेव्हा नमाजची वेळ नव्हती. तरीही अबू उमामा (रजि.) नावाचे एक अन्सारी सहाबी तेथे बसलेले दिसले. प्रेषितांनी (स.) त्यांना अवेळी बसण्याचे कारण विचारले. चिंतांनी आणि कर्जांनी आपल्याला घेरले आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सकाळ-संध्याकाळ म्हणावयाची एक दुआ शिकविली. पुढे अबू उमामा (रजि.) सांगतात की, त्याप्रमाणे केल्यावर अल्लाहने माझी चिंता दूर केली आणि कर्जही फेडले.

या दुआमध्ये आठ गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागितलेला आहे. चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, भित्रेपणा आणि कंजूषपणा, कर्जाचा बोजा आणि माणसांची दडपशाही. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. ‘हम्म’ म्हणजे उद्याची काळजी आणि ‘हज़न’ म्हणजे झाल्या गोष्टीचे दुःख. हे दोन्ही मनाचे विकार. त्यानंतरच्या चार गोष्टी माणसाच्या शक्तीशी, सवयींशी आणि स्वभावाशी निगडित आहेत. शेवटच्या दोन मात्र बाहेरून, समाजाकडून येऊन त्याच्यावर लादल्या जातात. चिंतेची मुळे केवळ मनात नसतात, हेच या दुआतून ध्वनित होते. म्हणून चिंताग्रस्त माणसाला “तुझा ईमान कच्चा आहे” असे सांगून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या संदर्भात आदरणीय याकूब (अ.) यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. सूरह यूसुफमध्ये आले आहे की, पुत्रवियोगाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. अल्लाहच्या एका प्रेषिताच्या देहावर दुःखाचा एवढा परिणाम झाला, तरी कुरआनने त्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही. त्यांनी आपली व्यथा अल्लाहपुढे मांडली, आणि त्याच वेळी मुलांना सांगितले की, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. अश्रू, दुआ आणि प्रयत्न या तिन्ही गोष्टी त्यांच्या सब्रमध्ये एकत्र नांदत होत्या. ओठ घट्ट मिटून आतल्या आत झिजत राहणे म्हणजे सब्र नव्हे.

दुःखाचा देहावर होणारा हा परिणाम आज वैद्यकशास्त्रही उलगडून दाखविते. संकट समोर आले की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायूंना बळ देण्यासाठी रक्तात साखर उतरते. ही निर्मात्याचीच योजना आहे. तिच्यामुळे माणूस धोक्यातून निसटतो, आणि धोका टळला की शरीर पूर्ववत होते. परंतु धोका महिनोन्‌महिने टळलाच नाही तर? हप्ता दर महिन्याला दारात उभा असेल, घरातील कटकट रोजचीच असेल, तर शरीराला पूर्ववत होण्याची सवड मिळत नाही. मग झोप उडते, पचन बिघडते, रोगप्रतिकारशक्ती खालावते, रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

वृद्धत्वाशीही याचा संबंध आहे. पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ नावाची संरक्षक आवरणे असतात. वय वाढते तशी ती आखूड होत जातात. २००४ साली एलिसा एपेल, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ३९ मातांची मुले दीर्घकाळ आजारी होती. ज्या मातांना आपल्यावरचा ताण सर्वाधिक वाटत होता, त्यांची ही आवरणे कमी ताण असलेल्या मातांच्या तुलनेत किमान दहा वर्षे अधिक वय झाल्याइतकी आखूड आढळली. ब्लॅकबर्न यांना पुढे २००९ साली टेलोमिअरवरील मूलभूत संशोधनासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले.

आपल्या घरांतील अशा माता आठवून पाहा. मुलगा आखातात, सून बाळंतीण, अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि सर्वांचे करता करता स्वतःच्या रक्तदाबाची गोळी विसरणारी अम्मी! तिच्या सेवेचा मोबदला अल्लाहपाशी आहे, यात शंका नाही. पण तिचे ओझे वाटून घेण्याची जबाबदारी आपली आहे, हेही तितकेच खरे.

प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचा आदेश दिला आणि सांगितले की अल्लाहने प्रत्येक रोगावर औषध ठेवले आहे, अपवाद फक्त वार्धक्याचा. म्हणजे म्हातारपण हा अल्लाहचा नियम आहे, तो टळणार नाही. परंतु चिंतेने ओढवून घेतलेले अकाली म्हातारपण हा नियम नव्हे. अबू दरदा (रजि.) रात्रभर उपासना आणि दिवसभर रोजे यांत स्वतःला शिणवीत होते. तेव्हा सलमान (रजि.) यांनी त्यांना बजावले की, तुमच्यावर पालनकर्त्याचा हक्क आहे, तसा तुमच्या जिवाचा आणि कुटुंबाचाही हक्क आहे. प्रेषितांनी (स.) सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरविले. देह ही अमानत आहे. तिचा हिशेब द्यावयाचा आहे.

ही अमानत कशी सांभाळावी? पहिली गोष्ट नमाज. सूरह रअदमध्ये सांगितले आहे की अल्लाहच्या स्मरणानेच अंतःकरणांना समाधान लाभते. दिवसातून पाच वेळा काम बाजूला ठेवून उभे राहणे म्हणजे पाच वेळा ओझे खाली उतरविणे होय. पण सजद्यात कपाळ टेकले असता मन दुकानाच्या हिशेबात असेल, तर ओझे खांद्यावरच राहिले. दुसरी गोष्ट झोप. प्रेषितांना (स.) इशाच्या नमाजनंतर गप्पांत रमणे पसंत नव्हते. आपण मात्र मध्यरात्रीपर्यंत मोबाईल उजळून बसतो आणि फजर हुकली म्हणून हळहळतो. तिसरी गोष्ट उपचार. दहाव्या शतकात वारलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी देह आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले आणि चिंता, क्रोध व खिन्नता यांच्या उपचारांची चर्चा केली. तेव्हा आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वैद्यकीय सल्ला घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आता दुआतील शेवटच्या दोन गोष्टींकडे वळू या. कर्ज आणि दडपशाही. येथे प्रश्न पीडिताचा नाही, आपला आहे. लग्नात चार पदार्थ वाढविण्याची चढाओढ कोणी लावली? मुलीच्या बापाला कर्जाच्या खाईत कोणी लोटले? कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ केले तर ते अधिक चांगले, असे सूरह बकरामध्ये स्पष्ट सांगितले आहे. ही आयत ठाऊक असूनही चारचौघांत तगादा लावणारा माणूस दुसऱ्याची झोप आणि त्याचे आयुष्य कुरतडीत असतो. घरात सुनेला टोमणे मारणारी जीभ आणि कामगाराची मजुरी रखडविणारा हात यांनाही हेच लागू आहे.

अबू उमामांना (रजि.) दुआ मिळाली, पण तिच्याआधी त्यांना विचारपूस मिळाली. कोणीतरी त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबले. ही सुन्नत आपण विसरलो आहोत. जमाअत संपल्यावर चपला घालण्याची घाई करण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. मस्जिदीच्या खांबाला टेकून कोणी अवेळी बसलेला असेल, तर त्याच्याशेजारी बसावे आणि विचारावे.

अल्लाह आपणा सर्वांना चिंता आणि दुःखापासून आपल्या आश्रयात ठेवो, आणि आपल्यामुळे कोणाच्या चिंतेत भर पडू नये अशी सद्बुद्धी देवो. आमीन.