उठणाऱ्यावर वार

मधल्या सुट्टीत आमच्या नववीच्या वर्गात दोन मुले हमरीतुमरीवर आली होती. भांडण एका लफ्जाचे होते. मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये खाली पडलेल्याला मारण्याला खेळाडू 'ओटीजी' म्हणतात. एक म्हणे 'ऑन द ग्राउंड', जमिनीवर असताना. दुसरा म्हणे 'ऑफ द ग्राउंड', जमिनीवरून उचलून. "सर, आप ही फैसला करो!" चौकशी केली तेव्हा कळले की खेळाडूंत दोन्ही अर्थ चालतात.

त्याच चौकशीत आणखी एक शब्द हाती लागला, जपानी 'ओकिझेमे'. 'ओकी' म्हणजे उठणे, 'सेमे' म्हणजे हल्ला. जोडताना 'से'चा 'झे' होतो. हा उठणाऱ्यावरचा वार. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये आडव्या पडलेल्याला मार लागतच नाही. मग प्रतिस्पर्धी जवळ थांबतो आणि तो उठेल नेमक्या त्या क्षणी ठोसा पोचेल असा नेम धरतो. 'टेक्केन' मध्ये मात्र पडलेल्यालाही मारता येते. आमची मुले या दोन्ही प्रकारांना एकच नाव देत होती. तंटा मिटणार कसा?

हा फरक केवळ खेळातला आहे का? पडलेल्याला मारू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. उठणाऱ्याबद्दल कोणी काही सांगत नाही. मुष्टियुद्धवाल्यांना मात्र ते उमगले होते. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी पडलेल्याला उठायला १० सेकंद दिले आणि दुसऱ्याने आपल्या कोपऱ्यात जावे असे ठरवले. तरीही पुढे जॅक डेम्प्सी पडलेल्याजवळच उभा राही आणि तो उठू लागताच ठोसा हाणी. १९२७ साली शिकागोत त्याने जीन टनीला पाडले, पण दूरच्या कोपऱ्यात जायला वेळ लावला, म्हणून पंचाची मोजणी उशिरा सुरू झाली. टनी उठला आणि अखेर लढत जिंकला.

मग ओकिझेमे अनीतीचा म्हणायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. गेममध्ये उठणाऱ्याच्या हाती बचाव असतो. तो वार अडवू शकतो, काही गेममध्ये कुशीवर लोळून निसटू शकतो. नियम दोघांनाही ठाऊक असतात, दोघांनाही कबूल असतात. पाप वार करण्यात नाही. ज्याच्या हाती ढाल नाही त्याच्या उठण्याची वाट पाहत उभे राहण्यात आहे.

हे लिहिताना आम्हाला आमचाच एक विद्यार्थी आठवतो. नापास झाल्यावर तो दोन महिने शाळेत फिरकला नाही. एके सकाळी धुतलेला गणवेश घालून दारात उभा राहिला. आम्ही म्हणालो, "आइए नवाबसाहब, रास्ता भूल गए क्या?" वर्ग खदखदून हसला. तो नापास झाला तेव्हा आम्ही त्याला एक शब्दही बोललो नव्हतो आणि स्वतःला दयाळू समजत होतो. आमचा वार तो उठेपर्यंत थांबला होता, एवढेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, बी.एड.ला मानसशास्त्रही आम्ही शिकलो होतो. पण त्या क्षणी यातले काहीच आड आले नाही.

तो पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना आम्ही सांगितले, "लफ्ज दोनों सही हैं." इन्साफ झाला म्हणून मुले खूश झाली. आम्ही मात्र त्या दिवसापासून, कोणी उशिराने वर्गाच्या दारात उभा राहिला, की आधी फळ्याकडे वळतो आणि त्याला जागेवर बसू देतो. तेवढाच आमचा कोपरा.