कोणाचं अडतं?

होमस्कूलिंगचा विषय निघाला की नागपुरात काय आणि पुण्यात काय, बोलणं दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतं. मूल एकलकोंडं नाही का होणार? आणि दहावीचं काय? पहिल्याचं उत्तर एवढंच की, एकाच वयाच्या पन्नास मुलांत पाच तास गप्प बसण्याला समाजात मिसळणं म्हणता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर घरोघरी माहीत आहे: सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेलं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या नात्यात असतं. कायद्याचा प्रश्न थोडा अवघड आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं, पण न घातल्यास शिक्षा सांगितली नाही. घरी शिकवणारी कुटुंबं या संदिग्धतेत दिवस काढतात. सरकारने यावर एकदा स्पष्ट बोलायला हवं.

या तिन्ही प्रश्नांची मला फारशी चिंता नाही. चिंता वाटते ती समर्थकांच्या एका उत्तराची. मी स्वतः घरी शिकवण्याच्या बाजूचा आहे, तरी या बाजूने सर्रास बोललं जाणारं एक वाक्य मला आता ऐकवत नाही: ‘जगणं हेच शिक्षण.’ म्हणजे पोळी लाटताना भूमिती, डाळ मोजताना अपूर्णांक, भाजीच्या पिशवीत अर्थशास्त्र आणि कुंडीत जीवशास्त्र. घरातल्या प्रत्येक गोष्टीचा धडा होऊ शकतो, असा हा दावा. तो ऐकायला उदार वाटतो. पण घरी शिकण्यातलं जे सर्वांत मोलाचं, तेच त्यापायी हातचं जातं असं माझं मत आहे.

घरी शिकणं आपल्याकडे नवं नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत आईने शिकवलं, तेही तीर्थयात्रेत वणवण चालू असताना. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनी घरात शिकवलं. पण बाहेरची दारं त्यांना जवळजवळ बंद होती म्हणून त्या घरी शिकल्या, हे विसरून या उदाहरणांचा गौरव करू नये. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींसाठी दार उघडलं ते केवढ्या विरोधाला तोंड देऊन. बाबासाहेब आंबेडकर घरून नेलेल्या गोणपाटावर बसून शाळा शिकले. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे शाळेला तुच्छ लेखून कोणी काही लिहू नये. मीही तसं लिहीत नाही. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या शाळेबाहेर मुलाला ठेवायचं, तर त्याला बदल्यात काय देणार, याचा हिशेब चोख असला पाहिजे, इतकंच माझं म्हणणं आहे.

तो हिशेब एका घरात किती महागात पडला हे आपल्याला ठाऊक आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत घातलं नाही. गोऱ्यांच्या शाळेत अपवाद म्हणून मिळणारी जागा त्यांना नको होती, आणि ती भूमिका सच्ची होती. जोहान्सबर्गला ते मुलांना बरोबर घेऊन पायी ऑफिसला जात, जाता-येता बोलत, आणि तेच मुलांचं शिक्षण असे. आपण मुलांना पुरेसा वेळ देऊ शकलो नाही, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं आहे. थोरल्या हरिलालला शिक्षण न मिळाल्याची गोष्ट कायम सलत राहिली. १९११ मध्ये तो शिकण्यासाठी बापाला सोडून अहमदाबादला आला. पुढचं, ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे नाटक पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. त्या घरात जगण्याची कमतरता नव्हती. जगण्यातून शिकायचं म्हटलं तर त्याहून भरलेलं घर शोधून सापडणार नाही. तरी मुलगा उपाशी राहिला, कारण त्याला पुस्तकी शिक्षणाची भूक होती आणि ती भूक क्षुद्र नव्हती.

याच गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली, तेव्हा देशाला घरी शिकवायचा सल्ला दिला नाही. त्यांनी शाळाच मागितली, पण कामाभोवती उभी राहिलेली. झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेतले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगाला दिली. आर्यनायकम पती-पत्नींनी सेवाग्रामला ती शाळा चालवून दाखवली. मुलांच्या कमाईवर शाळा चालावी की नाही, यावर के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली होती. तो वाद आता इतिहासजमा झाला. पण या योजनेच्या, म्हणजे नई तालीमच्या, पोटात आणखी एक कल्पना होती, आणि ती अजून जिवंत आहे. विनोबांनी तिला समवाय म्हटलं: ज्ञान आणि काम एकमेकांत विणलेलं असावं.

सेवाग्रामच्या चांगल्या दिवसांत हे विणकाम खरं होतं. डॉ. अभय बंग यांनी आपल्या तिथल्या शाळेविषयी लिहिलं आहे. गोठ्यातल्या गाईंसाठी पाण्याचं टाकं हवं होतं, आणि ते केवढं असावं हे मुलांनी काढायचं होतं. गाय किती पाणी पिते इथपासून गणित सुरू झालं. या उदाहरणात मला महत्त्वाच्या वाटतात त्या गाई. त्यांना तहान लागणार होती. हिशेब चुकला असता तर वहीत लाल खूण होऊन भागलं नसतं, गोठ्यात पाणी कमी पडलं असतं. पुढे मूलोद्योग गावोगावच्या वेळापत्रकांत एक तास होऊन बसला, आणि कोणाच्या अंगाला लागणार नाही असं सूत टकळीवर निघू लागलं. कापसावरून भूगोल आणि सुतावरून गणित शिकवणं मात्र चालू राहिलं. समवाय शिल्लक होता, फक्त सुताची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं.

आजचं ‘जगणं हेच शिक्षण’ ही त्याच समवायाची शहरी आवृत्ती आहे, आणि तिच्यातले दोष मी एकेक करून सांगतो. पहिला असा की, ते खरंच नाही. पोळीत वर्तुळ नसतं. पोळी गोल होते ती मनगटाच्या सवयीने. परीघ आणि व्यासाचं गुणोत्तर लहानमोठ्या सगळ्या वर्तुळांत तेच का राहतं, हे हजार पोळ्या लाटूनही कळत नाही. त्यासाठी पोळी बाजूला ठेवून कागद घ्यावा लागतो. दुसरा दोष मुलाच्या बाजूचा. ‘या पातेल्यात अशा किती वाट्या मावतील?’ असं आईने विचारलं की आईला उत्तर माहीत आहे हे मूल लगेच ओळखतं. तो शाळेतलाच प्रश्न असतो, फक्त ओट्यापाशी विचारलेला. शाळेतून आल्यावर मुलाला निदान स्वयंपाकघरात तरी परीक्षेविना वावरता येत होतं. इथे तीही जागा गेली. तिसरा दोष कामाच्या बाजूचा. धड्यासाठी केलेली पोळी करपली तरी ‘छान प्रयत्न’ म्हणून कौतुक होतं आणि जेवायला दुसरी पोळी येते. काम बिघडल्याचं मुलाला काहीच वाटत नाही, कारण बिघडलेलं काही नसतंच. चौथा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. या पद्धतीत पुस्तकालाही हाताशी असलेल्या वस्तूशी नातं सांगावं लागतं. कुंडीत झाड असेल तर झाडाचं पुस्तक, पावसाळा असेल तर पावसाचं. पण पुस्तकाचं मोठं काम नेमकं उलट आहे. नागपूरच्या मुलाला समुद्र पुस्तकातून भेटायला हवा, समुद्रकाठच्या सहलीची पूर्वतयारी म्हणून नव्हे.

म्हणून मला दोन गोष्टींत ठाम फरक करावासा वाटतो. एक उपक्रम, दुसरं काम. दोन्हींत हात चालतात, दोन्हींत मूल रमू शकतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला भेद दिसतही नाही. तो ओळखायचा तर एकच विचारावं: हे झालं नाही, तर कोणाचं अडतं? उपक्रमात कोणाचंच अडत नाही. कामात अडतं.

एप्रिलमधल्या कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर निवू द्यायचा, पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. उकळत्या पाण्यात चीक घालून गुठळी न होऊ देता घाटायचा, आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा चुरा होतो. यातलं रोज पाणी बदलायचं काम नऊ वर्षांच्या मुलीला पेलतं. ती एक दिवस विसरली तर वास येतो आणि पाच किलो गहू वाया जातात. वर्षभराचं वाळवण, आजीचे श्रम, शेजारी पाठवायचा डबा, सगळं तिच्या आठवणीवर टांगलेलं असतं. त्या वेळी तिला आंबवण्याचं रसायनशास्त्र कोणी समजावू नये. तिने विचारलं तर जरूर सांगावं, माहीत नसेल तर पुस्तकात पाहावं. पण कुरडया कुरडयांसाठीच व्हाव्यात. आपल्यावाचून काहीतरी अडतं, हे त्या तीन दिवसांत ती शिकते आणि ते कोणत्याही साहित्यपेटीतून शिकवता येत नाही. मेच्या तोंडावर कूलर उतरवणं, टाकी घासणं, वाळा बदलणं, पंप चालतो का पाहणं हेही तसंच. नागपूरच्या उन्हात त्या कामाला ‘नंतर करू’ चालत नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. असं काम आपल्या समाजात मुलींना आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या भरपूर मिळालं, आणि त्याने त्यांचं भलं झालं नाही. त्यांना पुस्तक मिळालं नाही म्हणून ते काम त्यांच्या गळ्यातला फास झालं. त्या घरांतल्या आईबापांना टकळी नको होती, पुस्तक हवं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून काम मुलाच्या अंगाला झेपेल एवढंच असावं, मुलगा-मुलगी दोघांनाही असावं, आणि वाचनाची वेळ त्याने कधी खाऊ नये. दोन्हींनी मुलाचा दिवस भरावा. मात्र एकाला दुसऱ्याच्या दावणीला बांधू नये.

घराची मर्यादाही दिसतेच. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की घरातली कामं त्याच्या ताकदीला पुरत नाहीत, आणि मग आईवडील पुन्हा उपक्रम शोधू लागतात. त्याऐवजी त्याला घराबाहेरचं काम शोधून द्यावं. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहारासाठी झाडांना ताण देतात. पाणी किती दिवस तोडायचं आणि कधी सोडायचं, यावर वर्षाचं पीक अवलंबून असतं. ओळखीच्या बागायतदाराकडे तेवढे दिवस राहून रोज झाडं पाहून नोंद ठेवणारा मुलगा त्याला खरोखर उपयोगी पडतो. सायकलच्या दुकानात, वाचनालयात, शेजारच्या एकट्या आजोबांच्या औषधांच्या वेळा सांभाळण्यात अशी जागा सापडू शकते. घरी एकट्याने हे जमत नाही म्हणूनच गांधीजी घरातून शाळेकडे आले असावेत, असं मला वाटतं. आपल्याला ती शाळा उभारता येत नसेल तर निदान मोहल्ला उभा करावा.

घरी शिकवू पाहणारे आईवडील मला अनेकदा विचारतात, कोणती पुस्तकं घ्यावीत, वेळापत्रक कसं आखावं, साहित्य कुठून मागवावं. या प्रश्नांना उत्तरं आहेत आणि ती सोपी आहेत. पण त्याआधी त्यांनी स्वतःला विचारावं, की आपलं मूल चार दिवस तापाने पडून राहिलं तर त्याच्या अभ्यासाखेरीज कोणाचं काय अडेल? काहीच अडत नसेल, तर आधी तसं एक काम त्याच्या हाती सोपवावं आणि ते बिघडू देण्याची तयारी ठेवावी. पुस्तकांची यादी त्यानंतर करावी, आणि ती करताना त्या कामाकडे अजिबात पाहू नये.