आधी टेल

राहात्याहून शिर्डी पाच-सहा किलोमीटर. नगर-मनमाड रस्त्याने जाताना एवढ्या पट्ट्यात रेंजची काळजी कुणी करत नाही. देवस्थान आहे, हॉटेलं आहेत, बारमाही गर्दी आहे. टॉवर उभारणाऱ्याला तिथे धंदा आहे. तेवढंच अंतर रस्ता सोडून आडवं, उसा-पेरूच्या रानातून काढलं की हिशेब वेगळा होतो. या भागात पुष्कळ कुटुंबं गावठाण सोडून शेतावरच्या वस्तीवर राहायला गेली आहेत. दोन घरं इथे, चार घरं तिकडे. माणसं आहेत, फोनही आहेत. पण टॉवरचा खर्च भरून निघेल इतकी दाटी कुठेच नाही.

सहा किलोमीटर हा आकडा मुद्दाम काढला. ५जीची तंत्रं कशी पारखायची याचे नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवत होता. त्यात ग्रामीण भागाचा जो नमुना धरला होता, त्यात दोन टॉवरांमधलं अंतर होतं १७३२ मीटर आणि घराबाहेर फोन वापरणारा भरधाव मोटारीत नाहीतर वेगवान रेल्वेत बसलेला. असेल असं खेडं कुठे तरी. भारतातल्या संशोधकांनी हरकत घेतली. टीएसडीएसआय ही मानकं तयार करणारी संस्था आणि तिच्याबरोबर मुंबई, मद्रास, हैदराबाद इथल्या आयआयटींमधली मंडळी यांचं म्हणणं असं, की आमच्याकडे टॉवर सहा किलोमीटरवर असतो आणि माणूस पायी चालतो. त्याला वेग नको, पल्ला हवा. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येणार असेल, तर तिथल्या एका टॉवरने भोवतालच्या वाड्यावस्त्या कवेत घेतल्या पाहिजेत. २०१७ साली हा ‘मंद गती, मोठं क्षेत्र’ असा नमुना कसोट्यांमध्ये दाखल झाला. त्यावर बेतलेलं ५जीआय हे भारतीय मानकही मंजूर झालं. कंपन्यांनी मात्र वेगळी यंत्रसामग्री महाग पडेल म्हणून नाकं मुरडली आणि शेवटी ते जागतिक मानकात मिसळून गेलं.

मला यात मानकाच्या जयापराजयापेक्षा तो आकडा महत्त्वाचा वाटतो. लोक कुठे राहतात, कसे फिरतात, किती पैसे टाकू शकतात, हे प्रश्न भूगोलाचे, समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे. त्यांची उत्तरं अभियंत्याच्या गणितात एका आकड्याच्या रूपाने शिरतात आणि मग निमूट बसून राहतात. १७३२ लिहिणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्याच्या शेजारी विचारणारं कुणी बसलेलं नव्हतं, इतकंच.

भविष्यातली माहितीची जाळी अनेक विद्याशाखांनी मिळून आखावीत, ही भाषा आता सगळीकडे ऐकू येते. इंटरनेटच्या घडणीत सुरुवातीपासून असलेल्या डेव्हिड क्लार्क यांनी २००२ साली सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला. जाळ्यावर परस्परविरोधी हितसंबंधांची रस्सीखेच चालणारच. ती मिटवायला जाऊ नका, ती कुठे आणि कशी चालेल याची जागा रचनेतच ठेवा, असा त्याचा गाभा. संगणकशास्त्राला हे नवं होतं. कालव्याकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

राहात्याला पाणीवाटपाचं शंभर वर्षांचं शिक्षण झालेलं आहे. दारणा धरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा यांचं पाणी गोदावरीच्या कालव्यांनी या पट्ट्यात आलं. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला प्रवरेचे कालवे. कालवा, वितरिका, चारी, पोटचारी अशी उतरंड आणि प्रत्येक फाट्यावर एक दार. दार लोखंडाचं असलं तरी ते कधी उघडायचं हा प्रश्न लोखंडाचा नाही. म्हणून पाटबंधारे खात्याचा नियम असा, की आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की आधी टेलचं, शेवटच्या टोकाचं भरणं, मग वर सरकत हेडकडे, कालव्याच्या मुखाकडे यायचं. हेडच्या माणसाच्या दारातूनच पाणी जातं. तो उपाशी राहत नाही. टेलचा राहतो. नियम पुष्कळदा मोडतो, रात्री दारं फिरतात, ऊस आपला वाटा ओढून घेतो. पण नियम उलटा का आहे हे चारीवरच्या पोरालाही कळतं.

आपली माहितीची जाळी याच्या बरोबर विरुद्ध बांधली जातात. आधी हेड, मग जमलं तर टेल. शिर्डीला आधी, वस्तीला पुढच्या टप्प्यात.

वाटपाचा प्रश्न तारांच्या आतही आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यातली जोडणी गर्दीने इतकी तुंबली, की सेकंदाला ३२ हजार बिटांवरून वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला: तुंबल्याची चाहूल लागली की प्रत्येक पाठवणाऱ्याने आपणहून हात आखडायचा. आजही इंटरनेट बरंचसं या शिस्तीवर चालतं. त्यात एक खोच राहिली. ही समानता धरली गेली ती प्रवाहागणिक. म्हणजे एकाच कामासाठी दहा जोडण्या उघडणाऱ्याला दहा वाटे. बॉब ब्रिस्को या ब्रिटिश संशोधकाने २००७ साली यावर कडक टीका केली: न्याय माणसांमध्ये मोजायचा असतो, प्रवाहांमध्ये नव्हे.

याच्या तीसेक वर्षं आधी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात हाच वाद विलासराव साळुंखे यांनी मांडला होता. ते अभियंते आणि कारखानदार. १९७२च्या दुष्काळाने त्यांना शेतात आणलं. त्यांच्या पाणी पंचायतीने जमिनीच्या प्रमाणात पाणी देणं नाकारलं. पाणी माणशी, अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. जास्त चाऱ्या काढल्या म्हणून जास्त पाणी मिळणार नाही, असा तो हिशेब. ब्रिस्को यांच्या कानावर नायगाव गेलं असण्याचं काही कारण नाही. आपल्याकडच्या संगणकशास्त्राच्या किती वर्गांमध्ये ते पोचलं असेल, याचीही मला शंका आहे.

सहकारी साखर कारखानदारीची मुळंही राहाता तालुक्यातच आहेत. लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे राहिले नसते, तर प्रवरेचा कारखाना त्या रूपात दिसला नसता. शेतकरी, अर्थतज्ज्ञ, यंत्रज्ञ एका बैठकीला बसले, ही आपली जुनी पुंजी. माहितीच्या जाळ्याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका प्रयोगही कारखान्याभोवतीच झाला, मात्र लांब, वारणानगरला. १९९८ साली तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ७० गावं, गावोगावी संगणक केंद्रं, पंतप्रधान कार्यालयापासून पाठबळ. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले, सगळं तिथे मिळेल असं स्वप्न होतं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातून राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा तिथे गेले. त्यांनी नवं यंत्र घेऊन जाण्याआधी जुनं कशाला वापरलं जातंय ते पाहिलं. शेतकरी विचारत होता ते थोडकं: माझ्या उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, खात्यावर काय आहे. एवढ्यासाठी संगणक, वीज, धूळ, दुरुस्ती आणि फोनची तार असा सगळा संसार चालवायचा? त्यांनी सात गावांत आठ महिने साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने तेच काम करून दाखवलं. ते स्वस्त पडलं, सोयीचं ठरलं, शेतकऱ्यांना जास्त आवडलं. नाव ठेवलं ‘वारणा अनवायर्ड’.

ही गोष्ट तंत्रज्ञानाची टिंगल म्हणून सांगायची फॅशन आहे. मला ती तशी वाटत नाही. १९९८च्या प्रकल्पामुळे कारखान्याचे हिशेब आधीच संगणकात होते, म्हणून तर एसएमएसला उत्तर देता आलं. पण शेतकऱ्याला काय हवंय हे बघायला आठ-नऊ वर्षांनी माणसं गेली, ती पहिल्या दिवशी जायला हवी होती, हेही खरंच.

आता भारतनेट. २०११ साली मंजूर झालेली ही योजना: प्रत्येक ग्रामपंचायतीला फायबर. पहिल्या आराखड्यात तार बहुधा एका रेषेत, फांदीसारखी गेली. वर कुठे जेसीबीने ती तोडली की खालची गावं अंधारात. २०२३च्या सुधारित योजनेने रेषेऐवजी कडं घातलं. एका बाजूने तुटलं तर दुसरीकडून वाट. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिर्डीला आलेल्या पंतप्रधानांच्या हस्ते निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं उद्घाटन झालं. त्या धरणाची कल्पना १९७०ची. राहाता तालुक्याच्या जिरायती गावांनी पाण्यासाठी दोन पिढ्या काढल्या. ‘पुढच्या टप्प्यात’ या शब्दांवर त्यांचा विश्वास का बसत नाही, हे त्यांना विचारावं लागत नाही.

फायबर पंचायतीच्या कचेरीत आली तरी वस्ती दोन-तीन किलोमीटर दूरच असते. मुंबईच्या आयआयटीत अभय करंदीकर यांच्या गटाने पालघरच्या सात गावांत टीव्हीसाठी राखलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून हे शेवटचं अंतर तोडून पाहिलं. या लहरी झाडीतूनही बऱ्या जातात. त्यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पंचायतही भागीदार होती. तंत्र आहे, म्हणजे.

उरतो तो रोजचा कारभार. कालव्यावर पाटकरी असतो. कुणाची पाळी, कुठे फुटलं, कोण दार फिरवतं, त्याला ठाऊक असतं. भारतनेटने असा माणूस नेमलाय, त्याला उद्यमी म्हणतात. घरोघर जोडणी द्यायची, बिघाड काढायचा, आणि वसुलीतून वाटा घ्यायचा. वाटा जोडण्यांच्या संख्येवर असेल तर तो आधी गावठाणातल्या दाट गल्ल्यांकडे वळणार, आणि त्यात त्याची चूक नाही. लांबच्या वस्तीवर दोन घरांसाठी पाचशे मीटर तार ओढणं त्याला परवडत नाही. त्याचा वाटा घरागणिक न ठरवता अंतरागणिक वाढता ठेवता येईल. दुरुस्तीचा पहिला फेरा टेलच्या वस्तीपासून सुरू करण्याची अट करारात घालता येईल. ही दोन कलमं लिहायला अभियंता, अर्थतज्ज्ञ आणि चारीवर दारं धरलेला एखादा म्हातारा, तिघेही लागतील. भत्ता तिघांना सारखा द्यावा.