काळ्या कांतीची साक्ष

काळे जनावर फार काळ उन्हात राहिले की त्याच्या पाठीवर आणि बरगड्यांवर केसांच्या टोकांना तांबूस छटा येते. म्हैस पाळणाऱ्या घरांत ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि तिचे कोणाला विशेष वाटत नाही. अमेरिकेतील अँगस गुरे पाळणाऱ्यांना मात्र हीच छटा अस्वस्थ करते. ही बिनशिंगी, काळीभोर जात मूळची स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली. 1873 साली तिचे चार वळू कॅन्सस प्रांतात नेण्यात आले आणि पुढे ती त्या देशात सर्वत्र पसरली. तेथील कृषी प्रदर्शनांत शाळकरी मुलेमुलीसुद्धा आपापले जनावर कासरा धरून पंचांसमोर फिरवतात. पंचांनी पाहायची असते ती शरीराची ठेवण, चाल आणि मांसलपणा. पण आधी डोळ्यांत भरतो तो चकाकता काळा रंग.

हा रंग राखण्याची विद्या जाणून घेण्यासारखी आहे. केसांचा काळेपणा मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो आणि ते द्रव्य घडवणाऱ्या विकराला तांबे लागते. चाऱ्यात तांबे कमी पडले, अथवा मॉलिब्डेनम व गंधक यांच्या आधिक्यामुळे ते अंगी लागले नाही, तर काळे जनावर गंजल्यासारखे दिसू लागते. म्हणून जाणता पशुपालक आधी गव्हाणीत काय आहे ते पाहतो. (तांबे अधिक झाले तर तेच विष ठरते, ते पशुवैद्याला विचारूनच द्यावे.) त्यानंतर येते ऊन. उन्हाळ्यात जनावराला दिवसा गोठ्यात पंख्याखाली ठेवायचे आणि रात्रीच्या गारव्यात मोकळे सोडायचे. घाम आणि धूळ धुऊन काढायची, खरारा करायचा, केस वाऱ्याने वाळवायचे. असे रोज, कित्येक महिने. दहा-बारा वर्षांचे पोर पहाटे उठून हे करते, तेव्हा त्या जनावराची भूक, तहान आणि आजार त्याला न सांगता कळू लागतात.

आणि दुसरा एक मार्ग आहे. रंगाचा डबा. त्याला अर्धा तास पुरतो.

1972 साली डेन्व्हर शहरातील मोठ्या पशुप्रदर्शनात ‘बिग मॅक’ नावाच्या काळ्या गोऱ्ह्याला सर्वोच्च मान मिळाला. पुढे उघड झाले की तो मुळात फिक्या रंगाचा होता आणि काळा रंगवून अँगस म्हणून उभा केला होता. मान काढून घेण्यात आला. अनेक प्रदर्शनांत जनावराचा रंग बदलण्यास आता बंदी असते, आणि पंच किंवा अधिकारी पांढरे फडके चोळून पाहू शकतात.

येथे कोणी विचारील की यात बिघडले काय? रंगाने मांसाची चव पालटत नाही, जनावराला इजा होत नाही. खरारा केला तो पंचाच्या डोळ्यांना सुखवण्यासाठीच ना? मग रंगही त्याचसाठी. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दोन्ही हातांतून बाहेर पडणारे जनावर सारखेच काळे असते.

सूरह नहलच्या प्रारंभी अल्लाहने गुराढोरांचे उपयोग सांगताना त्यांच्या सौंदर्याचाही उल्लेख केला आहे: सायंकाळी ती परततात तेव्हाचे, आणि सकाळी चरायला निघतात तेव्हाचे. सायंकाळ आधी का, यावर भाष्यकारांनी लिहिले आहे की त्या वेळी ती पोट भरून, कास भरून येतात. म्हणजे जनावर सजवणे, त्याच्या रूपाने सुखावणे यात गैर काही नाही. परंतु ते रूप भरल्या पोटाचे आहे, आतून बाहेर आलेले आहे. मुक्या जिवाला जीभ नाही. त्याची कांती हीच त्याची साक्ष. तांबूस झालेला केस सांगत असतो, ‘मला तांबे कमी पडले’, ‘मी उन्हात उभा होतो’. खरारा त्या साक्षीवरची धूळ झाडतो. रंग साक्षीदाराचे तोंड दाबून त्याच्या नावाने आपणच बोलतो.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दुभत्या जनावराचे दूध तुंबवून, कास फुगवून ते विकण्यास मनाई केली, ती याच जागी लागू पडते. तिथेही दूध खरेच होते. खोटा होता तो रोजच्या दुधाचा भास. दूध काढून पाहिल्यावर जनावर ठेवावे की परत करावे, हा अधिकार ग्राहकाला मिळाला. परत केल्यास सोबत एक साअ खजूर द्यायचे. शाफिई फिक्हच्या ग्रंथांत, विक्रीपूर्वी गुलामाचे केस काळे करणे हेसुद्धा याच रांगेत बसवले आहे. परत करण्याच्या तपशिलात हनफी विद्वानांचे मत वेगळे आहे, कृत्य गैर असण्याबद्दल नाही. माणसाने स्वतःच्या दाढीला काय लावावे हा निराळा विषय. त्यात येथे शिरत नाही.

उघड साजाची गोष्टही निराळी. दिवाळीत कोल्हापूरला म्हशींची शिंगे रंगवतात, अंगाला तेल लावतात. ते शिंग जन्मतः गुलाबी आहे असे कोणी समजत नाही. अवघड प्रश्न मधल्या जागेत आहेत. जुन्या जखमेवर पांढरे केस उगवले आणि मालकाने तेवढाच ठिपका काळा केला, तर? ती जखम घेणाऱ्याला सांगितली असेल, तर माझ्या मते हरकत थोडी. सांगितली नसेल, तर ठिपका लहान असला तरी जखम लपलीच. प्रदर्शनात विक्री होत नाही, ही पळवाटही टिकत नाही, कारण तिथल्या मानावरच पुढची किंमत ठरते. आणि शेजारच्या रांगेत ते पहाटे उठणारे पोर उभे असते, ज्याचे जनावर एक छटा कमी काळे आहे.

त्याहून मला काळजी वाटते ती रंगवणाऱ्याच्या घरातल्या मुलाची. कासरा त्याच्या हातात असतो, डबा वडिलांच्या. पंच जनावराच्या पाठीवरून हात फिरवतात, तेव्हा ते आपला श्वास रोखून धरते.

बकरी ईदच्या आधी आपणही बाजारात उभे असतो, कधी घेणारे, कधी विकणारे. तुमची म्हैस उन्हाने तांबूस दिसत असेल, तर गिऱ्हाइकाला तसे सांगा: ‘यंदा सावली कमी पडली, पण खाण्यापिण्यात उणे नाही.’ तो दोन-चारशे रुपये कमी करून मागेल. मुलगा शेजारी उभा असेल, तर त्याला ते ऐकू द्या.